चष्म्याच्या डबीचा आवाज

पुण्यात शाल मिळवायला फार काही करावं लागत नाही. निवृत्त व्हावं, पंचाहत्तरी गाठावी, नाहीतर स्वखर्चाने एखादं पुस्तक काढावं. कोणीतरी शाल आणि नारळ घेऊन येतंच. मला ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळाली, आणि तीही विमान एकट्याने उडवल्याबद्दल. धायरीत आमच्या सोसायटीशेजारी ज्येष्ठ नागरिक संघ आहे. त्यांनी मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय मीच सुचवला होता, 'भीतीवर विजय'. ती शाल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. थंडीत बायको ती काढायला गेली की मी म्हणतो, राहू दे, दुसरी घे. का, ते तिला माहीत आहे. बाकीच्यांना आता सांगतो.

विमान म्हणजे खरं तर ग्लायडर. त्याला इंजिन नसतं. मांजरीच्या पलीकडे, उसाच्या शेतांना लागून, एक लांबलचक गवताळ मैदान आहे आणि तिथे आम्हा हौशी लोकांचा एक छोटा क्लब. ग्लायडरमध्ये दोनच जागा, शिकणारा पुढे, शिकवणारा मागे, आणि दोघांपुढेही नाक वर-खाली करायची सारखीच दांडी, म्हणजे स्टिक. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ट्रकवर एक इंजिन आणि मोठा रहाट बसवलेला असतो, त्याला विंच म्हणतात. तो केबल भराभर गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखं नाक वर करून चढतं. पुरेशी उंची आली की पिवळी मूठ ओढून केबल सोडून द्यायची, मैदानाभोवती एक चक्कर मारायची आणि उतरायचं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. तेवढ्यासाठी दर रविवारी पहाटे उठून धायरीहून मांजरी गाठायची आणि दिवसभर उन्हात दुसऱ्यांची ग्लायडरं ढकलायची. "घरातला सिलिंडर हलवायचा म्हटलं की कंबर धरता," बायको म्हणायची. ते खरंच होतं.

आमचे प्रशिक्षक नारायण पेठेतले, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना सर म्हणत. चाळीसेक वर्षं कारखान्यात नोकरी केली आणि रविवार मैदानावर घालवला, असा माणूस. बोलणं कमी, पण बोलले की समोरच्याला दोन दिवस पुरायचं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो हे कळल्यापासून त्यांनी मला 'प्राध्यापक' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही. पहिल्यांदा उतरताना मी ग्लायडर दणकन आपटलं, तेव्हा मागून शांतपणे आवाज आला, "अहो प्राध्यापक, जमीन तिथेच असते. शोधावी लागत नाही."

माझ्याबरोबरच शिकायला लागलेली एक मुलगी होती. यवतमाळकडची, सत्तावीस वर्षांची, खराडीला आयटीत नोकरी, तिथेच पीजीत राहणारी. ती मला 'काकाजी' म्हणायची. तिच्याकडे ते मानाचंच संबोधन, पण मला ते दर वेळी बारीक टोचायचं. मी नुकता वजन कमी केलेला, गॉगल घेतलेला माणूस. आम्हा दोघांची शिकण्याची गती साधारण सारखी होती, त्यामुळे सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, आधी कोणाला सोडतात याकडे माझं लक्ष असायचं. तिचं नसायचं. हे लिहितानाही लाज वाटते, कारण मी तिच्या वडिलांच्या वयाचा नसलो तरी धाकट्या काकाच्या वयाचा नक्कीच होतो.

"सर, एकटं केव्हा सोडणार?" असं कोणी विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं. "मागे बसून मला झोप आली की." आम्ही हसायचो. पण ते चेष्टेत बोलत नव्हते. मागे कोणी बसलंय हे ज्याच्या डोक्यातून पूर्ण गेलं, तो तयार, असा त्यांचा हिशोब होता. किती उड्डाणं झाली, किती तास झाले, ते वहीत असतंच. त्यांना बघायचं असायचं ते वेगळंच.

त्यातही एक परीक्षा मात्र कोणाला चुकत नसे. केबल कधीकधी तुटते. ग्लायडर नाक वर करून चढत असताना ओढणारं कोणी उरलं नाही, तर वेग क्षणाक्षणाला कमी होतो, आणि पुरता कमी झाला की ग्लायडर दगडासारखं पडतं. अशा वेळी एकच करायचं, स्टिक तत्काळ पुढे ढकलून नाक खाली घ्यायचं. काय झालं, कसं झालं हा विचार नंतर. याची तयारी व्हावी म्हणून सर न सांगता, मध्येच, मागची पिवळी मूठ ओढून केबल सोडून देत. पहिल्या दोन्ही वेळा मी, 'हे काय झालं?' असा विचार करत बसलो आणि स्टिक शेवटी मागूनच ढकलली गेली. "प्राध्यापक," सर म्हणाले, "सिद्धता नंतर लिहा. उत्तर आधी."

तिसऱ्या वेळी मला आवाज ऐकू आला.

उड्डाणाआधी काचेचं झाकण लावलं की आत एकदम शांत होतं. बाहेर पंख धरून उभा असलेला माणूस दिसतो, पण त्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या शांततेत मागून आवाज आला, टक्. चष्म्याची जुनी पत्र्याची डबी मिटल्याचा. सर जवळचं वाचायला चष्मा लावत, उंची दाखवणारं घड्याळ दिसावं म्हणून. त्या दिवशी त्यांनी तो काढून डबीत ठेवला. आणि त्याच दिवशी केबल सोडली. घरी येताना स्वारगेटच्या सिग्नलला उभा असताना मला कोडं सुटलं. नाक जोरात खाली घेतलं की आतल्या सैल वस्तू उडतात. कधीतरी सरांचा चष्मा उडाला असणार. म्हणून केबल सोडायची असली की ते आधी चष्मा डबीत ठेवतात. इतक्या वर्षांची सवय, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावी.

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी एकटाच हसत होतो.

पुढच्या रविवारी डबी वाजली नाही. केबलही सुटली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, टक्. माझा हात स्टिकवर तयारच होता. मैदानाच्या मध्यावर ओढ थांबली आणि त्याच क्षणी मी नाक खाली घातलं. मग सर म्हणाले, "वा." त्यांच्या तोंडून 'वा' मी त्याआधी फक्त गरम पोह्यांबद्दल ऐकलं होतं. पुन्हा एकदा तसंच झालं. डबी, ओढ, हात. मी स्वतःची समजूत घातली, की निरीक्षण हाही वैमानिकाचा गुणच आहे. विद्यार्थी अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून येतात तेव्हा मी वर्गात त्यांना काय काय बोलतो, ते मला त्या वेळी बरं आठवलं नाही.

त्याच सकाळी तिचीही परीक्षा झाली. ओढ थांबल्यावर तिला दोन सेकंद लागले. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दोन सेकंद. अजून नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांच्याकडून शिका."

ती खरंच शिकायला आली. शेडमध्ये चहाचा कप हातात घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "काकाजी, तुमचा हात इतका फास्ट कसा काय चालते? मी तर आधी दचकूनच राहते ना जी."

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं: अगं, डबीचा आवाज ऐक. किंवा काहीच म्हणायला नको होतं. त्याऐवजी मी तिला सराव सांगितला. पीजीत पलंगावर बसायचं, गुडघ्यांत लाटणं धरायचं, मैत्रिणीला मागे उभं करायचं आणि तिने कधीही टाळी वाजवली की लाटणं पुढे ढकलायचं. रोज पन्नास वेळा. हे मी तिथल्या तिथे रचलं. मी स्वतः असलं काहीही कधी केलं नव्हतं. तिने फोनवर नीट टिपून घेतलं, 'पन्नास वेळा' हेसुद्धा.

आणि मला सोलो मिळाला. सर मागच्या सीटवरून उतरले, मागचे पट्टे एकमेकांत घट्ट बांधून टाकले, मोकळे राहून स्टिकमध्ये अडकू नयेत म्हणून, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं वजन नाही आता. जरा लवकर चढेल. बाकी सगळं तेच." झाकण लागलं. शांत झालं. मी कान दिला. मागे पट्ट्यांशिवाय काही नव्हतं, त्यामुळे टक् झालं नाही, आणि मी मनाशी म्हटलं, चला, आज केबल तुटायची नाही. गणिताचा माणूस मी. डबी वाजली की केबल सुटते, म्हणून डबी वाजली नाही तर केबल तुटणार नाही, असं अकरावीतल्या पोराने लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पण वर, उसाच्या हिरव्या पट्ट्यांवरून वळताना, मला खरोखरच फार आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो माझा नव्हता एवढंच.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. पेढे वाटले. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. सोसायटीच्या सचिवांनी तो संघाच्या अध्यक्षांना पाठवला आणि व्याख्यान ठरलं. सरांना मी आमंत्रण दिलं तेव्हा वाटलं होतं, येणार नाहीत. ते नारायण पेठेतून बसने धायरीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि पहिल्या रांगेत बसले. मी पाऊण तास बोललो. 'संकट आलं की मन शून्य करा', 'प्रतिक्षिप्त क्रिया ही साधना आहे', असली वाक्यं मी बोललो, आणि समोरचे आजी-आजोबा माना डोलवत होते. मग अध्यक्षांनी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, म्हणाले, "मी माणसं सोडताना घाई करत नाही. ह्यांना सोडलं." आणि बसले. दोनच वाक्यं, पण टाळ्या माझ्या पाऊण तासापेक्षा जास्त पडल्या.

त्यानंतरच्याच रविवारी केबल तुटली.

माझं ते चौथं एकट्याचं उड्डाण होतं. वीस-बावीस मजल्यांची इमारत असते तेवढ्या उंचीवर असताना पुढे ठाण् असा आवाज झाला, ग्लायडरला हिसका बसला आणि ओढ गेली. नाक आकाशाकडे. मला आजही ते स्पष्ट आठवतं, कारण मी घाबरलो नव्हतो. मी वाट पाहत होतो. डोक्यात एकच चाललं होतं, पण डबी कुठे वाजली? वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला आणि मग जवळजवळ थांबला, आणि ती शांतता झाकण लावल्यावरच्या शांततेसारखीच होती. मग नाक आपणहून खाली पडायला लागलं, पोट वर आलं, तेव्हा कुठे माझा हात हलला.

जमीन तिथेच होती. ग्लायडर आपटलं, उसळलं, डावा पंख कडेच्या उसात घुसला आणि ते गर्रकन फिरून थांबलं. जीभ चावली गेली होती, खांदा ठेचकाळला होता. बाकी मी धड होतो. झाकणाच्या काचेतून मला सर पळत येताना दिसले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघत होतो, एक चप्पल मागे गवतात राहिली होती.

"मान हलवा. पाय हलवा," ते म्हणाले. हलवले. मग धाप लागलेलीच, त्यांनी विचारलं, "नाक खाली घ्यायला किती वेळ लागला?"

"लगेच घेतलं, सर."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. "मी मोजत होतो. तीन."

दुपारी सगळे शेडमध्ये बसलो. कोणाला जेवण जात नव्हतं. मला वाटलं, आता माझी बिनपाण्याने होणार, आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती. सर उभे राहिले आणि म्हणाले, "आज झालं त्यात ह्यांची चूक नाही. तयार नसलेल्या माणसाला मी वर पाठवलं. बघताना मला तो तयार दिसला. म्हणजे माझी नजर गेली. आज त्यांची जीभ चावली गेली, उद्या कोणाची मान जाईल. ज्याला अंदाज येत नाही त्याने मागच्या सीटवर बसू नये." त्यांनी प्रशिक्षकाची शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. क्लबमधले दोघे-तिघे त्यांना समजवायला पुढे झाले. ते चप्पल शोधायला निघून गेले.

मी तिथे बसलो होतो. तोंडात रक्ताची चव होती. उठून तीन वाक्यं बोलायची होती, त्यासाठी जीभ इतकीही दुखत नव्हती. आत्ता नको, लोक गेल्यावर सांगू. फोन करू. पुढच्या रविवारी सांगू. अशा किती तरी चांगल्या वेळा मला सुचल्या.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. दुसरे प्रशिक्षक महिन्यातून एकदाच येत, त्यामुळे तिचं शिकणं जवळजवळ थांबलं. आम्ही दोघं ग्लायडर ढकलत होतो तेव्हा ती म्हणाली, "मला नाही वाटत जी सरांचं चुकलं असं. ते कधी चुकले नाहीत. तुम्हाला काय वाटते, काकाजी?"

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो. "होतं असं."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. कोणी बोलायला लावलं नव्हतं. ज्या माणसाने माझी चूक सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घेतली, त्याच्या वयावर मी ती नीट चिकटवून दिली. ती ग्लायडर ढकलत राहिली. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की दुपारी मी डबासुद्धा उघडला नाही, आणि तरीही मी तिला काहीच सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मी नारायण पेठेत गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. सरांची जुनी इमारत पाडून नवी झालेली, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा नीटनेटका फ्लॅट. सर खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसले होते. "या प्राध्यापक. खांदा?" एवढं म्हणून पुन्हा कोड्यात गेले. मी मेट्रोबद्दल बोललो. सिंहगड रस्त्यावरच्या पुलाबद्दल बोललो. गुडघ्यांबद्दलही बोललो, जे माझे दुखत नाहीत. काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या हातात कप देत म्हणाल्या, "बरं झालं आलात. घरात बसून नुसते कोडी सोडवतायत. मैदानावर म्हणे लोक म्हणतात, ह्यांचं वय झालं. कोण म्हणालं कोण जाणे, पण ह्यांच्या कानावर आलं."

"खरंच आहे ते," सर म्हणाले. "वय झालंच की. लोकांचं काय चुकलं?"

माझा कप अर्ध्यावर होता. आता सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलं. आणि सरांनी कोडं बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि डबीत घालून डबी मिटली.

टक्.

माझा उजवा हात पुढे गेला. विचार करून नाही. कप हातात होता, चहा सगळा त्यांच्या शब्दकोड्यावर. काकू "अगं बाई" म्हणून फडकं आणायला धावल्या. मी "सॉरी, सॉरी" म्हणत उठलो. सर उठले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग डबीकडे. त्यांनी डबी उघडली, चष्मा आत तसाच, आणि माझ्या हाताकडे बघत पुन्हा मिटली. रिकाम्या हाताची बोटं पुन्हा हलली. मी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली.

"अच्छा," ते म्हणाले. "कधीपासून?"

"तिसऱ्या वेळेपासून."

काकू टेबल पुसून गेल्या. "म्हणजे तुम्ही शिकलात," सर शेवटी म्हणाले, "अगदी चोख शिकलात. मी काय शिकवतोय ते मलाच ठाऊक नव्हतं." मग विचारलं, "त्या मुलीला सांगितलंत हे?"

"नाही."

"बरं केलंत. एक तरी वाचली."

मी रडलो नाही, पण माझा चेहरा तसा झाला असावा, कारण त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी त्यांना सांगितलं की वय झालं असं म्हणणाराही मीच. त्यावर ते पहिल्यांदा चिडले. आवाज चढला नाही, पण त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. "माझ्याकडे माफी मागून तुम्ही मोकळे होणार. मला नको ती. रविवारी सगळ्यांसमोर सांगा. तिच्यासमोर. आणि शाल परत करू नका, ती जपून ठेवा. व्याख्यान परत करा."

रविवारी सकाळी, दिवसाचं काम वाटून द्यायला सगळे जमतात तेव्हा, मी सांगितलं. डबीचं सांगितलं, लाटण्याचं सांगितलं, वयाचं सांगितलं. पाऊण तास नाही, चार मिनिटं लागली असतील. मला वाटलं होतं कोणीतरी शिव्या देईल. एक-दोघांनी नुसतं जमिनीकडे बघितलं. सरही त्या दिवशी आले होते, मागे उभे होते, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. ती पुढे आली. मी मान खाली घालून तयारीत होतो.

"काकाजी," ती म्हणाली, "म्हणजे माझे ते दोन सेकंद... ते खरेच होते ना जी?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय.

"मला वाटून राहिलं होतं की माझ्यातच काही कमी आहे. रोज पन्नास वेळा करत होती मी ते लाटण्याचं. रूममेट वैतागून गेली. तरी तुमच्यासारखा हात काही चालला नाही. मी फी परत मागायचा मेलसुद्धा लिहून ठेवला होता. ड्राफ्टमध्ये आहे अजून."

रागावली असती तर मी ते सोसलं असतं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. इतके दिवस ती माझ्या खोट्या हाताशी स्वतःचा खरा हात ताडून बघत होती आणि कमी पडत होती. "खरे होते," मी म्हणालो. "तुझेच तेवढे खरे होते." आणि मग मात्र मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी ग्लायडर पुसायला गेलो.

सर पुन्हा मागच्या सीटवर बसू लागले आणि महिन्याभराने त्यांनी तिला सोडलं. त्या सकाळी त्यांनी दोनदा केबल सोडली, दोन्ही वेळा काही न वाजता. मग ते उतरले, मागचे पट्टे बांधू लागले. मी शेजारी उभा होतो, पंख धरायची पाळी माझी होती. उड्डाण सुरू होताना कोणीतरी पंखाचं टोक धरून ग्लायडर सरळ ठेवावं लागतं आणि चार पावलं बरोबर पळून सोडून द्यावं लागतं. मी हळूच विचारलं, "सर, आता तिला उशीर होत नाही?"

"होतो की. सेकंदभर होतो अजून," पट्ट्याची गाठ ओढत ते म्हणाले. "पण तिला तो माहीत आहे."

मी अजून पुढच्या सीटवर आहे आणि सर मागे. डबी नाही, दोरी आहे, त्यामुळे मला काहीच ऐकू येत नाही. पुन्हा शिकायला लागलो तेव्हा माझे अडीच सेकंद होते, आता दोन झालेत. सरांना अजून झोप आलेली नाही. व्याख्यान मी परत केलं, त्याच सभागृहात, या वेळी डबीसकट; निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

तिच्या सोलोच्या त्या दिवशी तिने झाकण लावायच्या आधी पंखाकडे, माझ्याकडे बघितलं. "काकाजी, नीट धरा बरं जी," ती म्हणाली. मी धरला. केबल ताणली गेली, मी चार पावलं पळालो आणि सोडून दिला.